फाटकावरचं नाव : संत सोफी आणि तिचा भाऊ



या मालिकेत मी बहुतेक वेळा लढाया, सेनापती आणि सीमेवरचे प्रश्न यांवर बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज एका ख्रिस्ती संत स्त्रीबद्दल बोलायचं आहे. फौजेतला माणूस आणि जन्माने हिंदू असलेला मी या विषयाकडे कसा वळलो, ते आधी सांगतो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कराडहून बंगळूरला आली होती. रात्रीच्या गाडीने आली, सकाळी मी तिला उतरवून घेतलं. ऑपरेशननंतर आठ दिवसांनी डॉक्टरांनी डोळा बघितला, सगळं ठीक आहे म्हणाले. परतताना आमची रिक्षा पॅलेस रोडवर थांबली. शाळा सुटायची वेळ होती, मुलींचे लोंढे बाहेर पडत होते. आक्काने नव्या डोळ्याने पाटीवरची इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली आणि मला विचारलं, "सोफिया. ही कोण रं बाळ?"

मी या रस्त्याने किती वर्षं जातोय. निवृत्त झाल्यावर बंगळूरलाच स्थायिक झालो, सकाळचं फिरणं याच बाजूला. पाटी हजार वेळा वाचली असेल. पण सोफिया कोण हे मला सांगता आलं नाही. "असेल कुणी मडम," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. आक्का गप्प बसली. ती गप्प बसली की मला अजूनही शाळेत उत्तर चुकल्यासारखं वाटतं. त्याचं कारण शेवटी सांगतो.

घरी येऊन मी वाचायला बसलो. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पिंपं बनवणाऱ्याची मुलगी

तिचं पूर्ण नाव मॅडलीन सोफी बारा. आडनावातलं शेवटचं अक्षर फ्रेंच लोक उच्चारत नाहीत, म्हणून 'बारा'. आपल्या बारा आकड्याशी त्याचा काही संबंध नाही. घोटाळा नको म्हणून मी तिला नुसतं सोफी म्हणेन.

फ्रान्समध्ये बर्गंडी नावाचा द्राक्षमळ्यांचा प्रदेश आहे. आपल्याकडचं नाशिक डोळ्यापुढे आणा. तिथल्या झ्वान्यी या छोट्या गावात 1779 च्या डिसेंबरमध्ये, 12 आणि 13 तारखेच्या मधल्या रात्री सोफी जन्मली. शेजारच्या घराला आग लागली होती. त्या धसक्याने आईला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या आणि सोफी दोन महिने आधी जन्माला आली. जीव इतका नाजूक होता की ती जगेल असं कुणालाच वाटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच चर्चमध्ये नेऊन तिचा बाप्तिस्मा उरकला. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा एक धर्मपिता लागतो. त्या घाईत तो मान तिच्या अकरा वर्षांच्या भावाला मिळाला. त्याचं नाव लुई. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या भावाभोवती फिरते.

वडील दारूची लाकडी पिंपं बनवायचे, शिवाय थोडा द्राक्षमळा होता. म्हणजे गरीब नाही आणि श्रीमंतही नाही, हाताला काम असलेलं कारागिराचं घर. अशा घरातल्या मुलीने त्या काळी काय शिकायचं? प्रार्थना, शिवण, स्वयंपाक, आणि जमलं तर थोडं वाचन. सोफीचंही तेवढ्यावरच भागलं असतं.

पण लुई हुशार होता. त्याला पाद्री व्हायचं होतं, त्यासाठी लागणारं शिक्षण त्याने पूर्ण केलं. दीक्षा घ्यायला मात्र वय कमी पडत होतं, म्हणून तो गावी परतला आणि तिथल्या शाळेत शिकवू लागला. घरी बघतो तर धाकटी बहीण बुद्धीने तल्लख. त्याने ठरवलं की मुलांना जे शिकवतो तेच हिला शिकवायचं. लॅटिन, ग्रीक, गणित, इतिहास, निसर्गविज्ञान. त्या काळी हे मुलग्यांचे विषय होते, आणि तेही वरच्या वर्गातल्या मुलग्यांचे. एका कारागिराच्या मुलीला माळ्यावरच्या खोलीत बसवून व्हर्जिल वाचायला लावणं हे गावाला विचित्र वाटलं असणार. आईलाही ते फारसं पसंत नव्हतं.

आता लुई म्हणजे प्रेमळ दादा असं चित्र डोळ्यापुढे आणू नका. तो अतिशय कडक होता. कौतुक करायचं नाही, सुट्टी द्यायची नाही, चूक झाली की शिक्षा. सोफीने आपल्या हाताने शिवलेलं कापड त्याला भेट दिलं, तर त्याने ते विस्तवात टाकलं, अशी आठवण तिच्या चरित्रांत येते. फौजेत मी असे उस्ताद पाहिले आहेत. त्यांच्या हाताखाली माणूस तयार होतो, पण तयार होताना मनावर काही ओरखडेही राहतात. सोफीच्या मनावर ते राहिले. आपण कुठेतरी कमी पडतो ही भावना तिला पुढे आयुष्यभर पुरली. आणि कदाचित म्हणूनच, स्वतःच्या शाळांत मुलींना धाक दाखवून शिकवायचं नाही, त्यांना आपलंसं करून शिकवायचं, हा तिचा आग्रह राहिला.

इथे आपल्याला महाराष्ट्रातली उदाहरणं आठवायला हवीत. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी शिकवलं आणि 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. आनंदीबाई जोशींना गोपाळरावांनी शिकवलं, आणि गोपाळरावांचा कडकपणा लुईपेक्षा कमी नव्हता. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांनी त्रास दिला तेव्हा ते इथल्याच, कर्नाटकातल्या, गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे 1858 साली त्यांची मुलगी जन्मली, ती पंडिता रमाबाई. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून.

देश वेगळे, धर्म वेगळे, पण सुरुवात सगळीकडे एकच दिसते. आधी शाळा निघत नाही. आधी एका घरात कुणीतरी, पुरुषांसाठी राखून ठेवलेलं पुस्तक एका बाईपुढे उघडतो. पुढचं सगळं त्यानंतर होतं.

क्रांती, तुरुंग आणि पॅरिस

1789 साली फ्रेंच राज्यक्रांती झाली, तेव्हा सोफी नऊ वर्षांची होती. नव्या सरकारने पाद्र्यांना सांगितलं की पोपशी नाही, राष्ट्राशी निष्ठेची शपथ घ्या. लुईने आधी शपथ घेतली, मग मनाला पटलं नाही म्हणून जाहीरपणे मागे घेतली. झालं, तो गुन्हेगार ठरला. 1793 मध्ये पॅरिसमध्ये त्याला अटक झाली. ते दिवस गिलोटिनचे होते. तुरुंगात गेलेला माणूस परत येईल याची खात्री नव्हती. लुई वाचला तो एका ओळखीच्या माणसामुळे. कचेरीत काम करणारा हा माणूस लुईचा कागद दर वेळी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवत राहिला, असं सांगतात. ज्यांनी सरकारी कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना यात अशक्य काही वाटणार नाही. फाइल खाली राहिल्यामुळे कुणाचा जीव वाचल्याचं मात्र क्वचितच ऐकायला मिळतं.

1795 मध्ये लुई सुटला, त्याला दीक्षा मिळाली आणि तो सोफीला पॅरिसला घेऊन गेला. तिचं वय तेव्हा सोळाच्या आत. आईला हे नको होतं. पॅरिसमध्ये एका घरात काही मुली लुईकडे शिकत, धर्मग्रंथ वाचत, आणि शेजारच्या पोरांना गोळा करून शिकवत. सोफीला स्वतःला मठात जाऊन एकांतात प्रार्थना करायची होती. शाळा काढायचा विचार तिचा नव्हता.

तो विचार आणला जोसेफ व्हारँ नावाच्या पाद्र्याने. क्रांतीने फ्रान्समधले धार्मिक संघ बंद केले होते. त्या काळी मुलींचं बरंचसं शिक्षण नन चालवत. मठ बंद झाले तशा त्या शाळाही बुडाल्या. सरकारला त्याची फारशी फिकीर नव्हती. नेपोलियनने 1802 मध्ये सरकारी माध्यमिक शाळा काढल्या, त्या फक्त मुलग्यांसाठी. मुलींसाठी सरकारी माध्यमिक शाळांचा कायदा फ्रान्समध्ये कधी झाला माहीत आहे? 1880 मध्ये. समता हा शब्द जगाला शिकवणाऱ्या देशाने आपल्या मुलींना जवळजवळ ऐंशी वर्षं थांबवून ठेवलं. सोफीचं काम या मधल्या पोकळीत उभं राहिलं.

21 नोव्हेंबर 1800 रोजी पॅरिसमध्ये सोफी आणि तिच्या तीन सोबतिणींनी व्रत घेतलं. संघाचं नाव पुढे 'सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट', म्हणजे येशूच्या पवित्र हृदयाचा संघ, असं रूढ झालं. पण सुरुवातीला ते नाव उघड वापरता येत नव्हतं. का? कारण पश्चिम फ्रान्समध्ये व्हाँदे प्रांतात क्रांतीविरुद्ध जे बंड झालं, त्या बंडखोरांच्या छातीवर हेच हृदयाचं चिन्ह शिवलेलं असे. सरकारच्या नजरेत ते शत्रूचं निशाण होतं. फौजी माणसाला ही गोष्ट लगेच कळते. चिन्ह बदला, काम चालू ठेवा.

पहिली शाळा आणि खर्चाचं गणित

1801 च्या शेवटी उत्तर फ्रान्समधल्या आमियाँ या शहरात पहिली शाळा सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, सोफीला तिथली प्रमुख नेमलं. हाताखालच्या काही जणी वयाने मोठ्या होत्या, घराण्याने मोठ्या होत्या, आणि पिंपवाल्याची मुलगी आपल्यावर हुकूम चालवणार हे त्यांना जड गेलं.

शाळेची रचना समजून घेण्यासारखी आहे. एक निवासी शाळा, फी घेणारी. त्यात जमीनदार, अधिकारी, व्यापारी यांच्या मुली. त्याच आवारात दुसरी शाळा, गरिबांच्या मुलींसाठी, फुकट. सोफी जिथे निवासी शाळा काढायची तिथे जवळच मोफत शाळाही असावी, असा तिचा दंडक होता. श्रीमंतांच्या फीमधून गरिबांच्या शाळेचा खर्च भागवायचा. सरकारी अनुदान नाही, मोठा देणगीदार दर वेळी मिळेल याची खात्री नाही, अशा काळात हा व्यवहारी मार्ग होता. शिकवायला वाचन, लेखन, गणित, इतिहास, भूगोल, भाषा, आणि जोडीला शिवण आणि घरखर्चाचा हिशोब. काय शिकवायचं आणि कसं शिकवायचं, याचा लेखी आराखडा 1805 मध्येच तयार झाला होता. सर्व शाळांना तो लागू. तोसुद्धा दर काही वर्षांनी एकत्र बसून सुधारायचा. आमच्याकडे ट्रेनिंगचं पुस्तक असतं तसाच हा प्रकार.

पण इथे खरं बोललं पाहिजे. या दोन शाळांतल्या मुली एकत्र बसत नव्हत्या. आवार एक, दरवाजे दोन. संघाच्या आतही हीच गोष्ट होती. शिकवणाऱ्या नन वेगळ्या आणि घरकाम, स्वयंपाक, बागकाम करणाऱ्या नन वेगळ्या. हा भेद थेट 1964 मध्ये मोडला. आणखी एक गोष्ट. सोफीच्या मनात मुली शिकाव्यात त्या मुख्यतः चांगल्या ख्रिस्ती आया व्हाव्यात म्हणून. आया सुधारल्या की समाज सुधारेल, हा तिचा हिशोब. मुलीने मुलीसाठी शिकावं, नोकरी करावी, मत द्यावं, हा विचार तिच्या काळात तिच्याजवळ नव्हता. संत म्हटलं की आपण लगेच मूर्ती करतो आणि मग तिच्यातला माणूस दिसेनासा होतो. सोफी आपल्या काळाची बाई होती. आपल्या काळापुढे ती दोन पावलं गेली, दहा नाही. पण त्या दोन पावलांमुळे हजारो मुलींच्या हातात पुस्तक आलं.

साठ वर्षांचं नेतृत्व

1806 च्या जानेवारीत संघाच्या सर्वोच्च पदासाठी निवडणूक झाली. सोफी निवडून आली ती फक्त एका मताने. ते पद तहहयात होतं. ती 1865 मध्ये वारली, म्हणजे एकोणसाठ वर्षं तिने ते सांभाळलं. मी फौजेत जास्तीत जास्त अडीच वर्षं एका पलटणीची कमान सांभाळली आणि केस पांढरे करून बाहेर पडलो. म्हणून या एकोणसाठ वर्षांकडे मी जरा बारकाईने पाहिलं.

तिची हत्यारं दोन. एक, प्रवास. घोडागाडीतून, वाईट रस्त्यांवरून, तब्येत सतत खराब असताना ती शाळाशाळांत जाई. दोन, पत्रं. तिची सुमारे चौदा हजार पत्रं आजही उपलब्ध आहेत. छप्पर गळतं, अमक्या शिक्षिकेचं तमकीशी पटत नाही, त्या आजारी मुलीला नीट जेवण द्या, कर्ज कधी फेडणार, सगळं त्यांत आहे. ज्यांनी पलटण चालवली आहे त्यांना ठाऊक आहे की पलटण भाषणावर चालत नाही. रेशन, रजा आणि राहायची जागा यांवर चालते.

सगळ्यात मोठी कसोटी 1839 मध्ये आली. रोममध्ये सभा होऊन संघाच्या नियमांत मोठे बदल ठरले. मुख्य म्हणजे, प्रमुखाने पॅरिस सोडून रोममध्ये राहायचं. फ्रान्समधल्या नन दोन गटांत फुटल्या. फ्रेंच बिशप चिडले. पॅरिसच्या आर्चबिशपने विरोध केला, रोमला आपला मान राखायचा होता, आणि सोफीच्या जवळच्या माणसांनीच तिच्यावर दोषारोप केले. संघाचे दोन तुकडे होणार अशी वेळ आली.

तिने काय केलं? एका गटाचा झेंडा उचलून दुसऱ्याला चिरडलं नाही. बदल आधी काही काळ वापरून बघू, मग ठरवू, अशी भूमिका घेतली. टीका ऐकली, उत्तरं पत्रातून शांतपणे दिली आणि वेळ जाऊ दिला. शेवटी 1843 मध्ये पोपने ते नवे ठराव रद्द केले आणि 1826 मध्ये रोमने मंजूर केलेले जुने नियम पुन्हा लागू झाले. संघ फुटला नाही. ज्यांनी विरोध केला त्यांच्यावर तिने नंतर सूड उगवला नाही, उलट त्यांनाही सोबत घेऊन काम चालू ठेवलं. थांबायचं कधी हे कळणं सेनापतीला सगळ्यात अवघड जातं. तिला ते कळत होतं.

पॅरिसला कधी गेलात तर रोदँ या शिल्पकाराचं संग्रहालय पाहा. ते ज्या हवेलीत आहे ती 1820 मध्ये सोफीच्या संघाने शाळेसाठी घेतली होती. हवेलीतले आरसे आणि नक्षीकाम तिने काढून टाकायला लावलं. मुलींना अभ्यासाला आरसे लागत नाहीत, हा साधा विचार. 1904 च्या फ्रेंच कायद्याने धार्मिक संघांना शिकवायची बंदी झाली, तेव्हा ती हवेली सोडावी लागली.

समुद्रापलीकडे

सोफी स्वतः युरोपबाहेर कधी गेली नाही. पण तिची मैत्रीण फिलिपीन द्युशेन 1818 मध्ये अमेरिकेला गेली आणि मिसुरी प्रांतात सेंट चार्ल्स या गावी तिने मोफत शाळा काढली. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडची ती पहिली मोफत शाळा मानतात. फिलिपीनही 1988 मध्ये संत म्हणून जाहीर झाली.

याच अमेरिकेतल्या कामावर एक मोठा डाग आहे. तिथल्या संघाच्या काही मठांनी गुलाम माणसं बाळगली. लुइझियानातल्या ग्रँड कोटो इथली शाळा आणि मठ त्यांच्या श्रमावर उभे राहिले. संघाने अलीकडच्या वर्षांत हे उघडपणे मान्य केलं, जुनी कागदपत्रं तपासली, त्या माणसांच्या वंशजांना शोधलं आणि 2018 मध्ये तिथे त्यांचं स्मारक उभारलं. चूक लपवण्यापेक्षा ती नावानिशी लिहून ठेवणं बरं.

25 मे 1865 रोजी सोफी पॅरिसमध्ये वारली. आदल्या वर्षी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तिने पद सोडायची परवानगी मागितली होती. सभेने ती दिली नाही, फक्त मदतीला एक उपप्रमुख दिली. तेव्हा संघात साडेतीन हजारांच्या आसपास नन होत्या. 24 मे 1925 रोजी पोप अकरावे पायस यांनी तिला संत म्हणून जाहीर केलं. कॅथलिक पंथात संतपद म्हणजे नुसता मान नसतो. आयुष्याची चौकशी होते, साक्षी-पुरावे होतात, त्याला दशकं लागतात. म्हणून मृत्यू आणि संतपद यांत साठ वर्षांचं अंतर आहे.

आपल्या दारी

तिचा संघ आपल्याकडे पोचला तो विसाव्या शतकात. मुंबईचं सोफिया कॉलेज मराठी माणसाला माहीत आहेच. ब्रीच कँडीजवळ, भुलाभाई देसाई रोडवर, पूर्वी भावनगरच्या महाराजांकडे असलेल्या जागेत 1940 मध्ये ते स्थापन झालं. बंगळूरच्या पॅलेस रोडवरची सोफिया हायस्कूल 1949 मधली. ग्रीक भाषेत सोफिया म्हणजे शहाणपण, आणि संस्थापिकेचं नावही तेच. एका नावात दोन्ही बसलं.

या परंपरेतलं आपल्या मुलखातलं एक नाव घ्यायलाच हवं. सिस्टर करुणा मेरी ब्रगांझा. जन्म 1924, गोव्यातल्या म्हापशाचा. सोफिया कॉलेजच्या त्या प्राचार्या झाल्या. त्यांच्या काळात, 1970 मध्ये, सोफिया पॉलिटेक्निक सुरू झालं, म्हणजे पदवीच्या जोडीला हाताला काम देणारं शिक्षण. पुढे त्या मुंबई सोडून झारखंडमधल्या तोरपा या आदिवासी भागात गेल्या आणि तिथल्या बायकांसोबत काम केलं. 2008 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संघातला दोन दरवाजांचा प्रश्न मी मघाशी सांगितला. ब्रीच कँडीहून तोरपाला जाणं हे त्या प्रश्नाचं एक उत्तर आहे, असं मला वाटतं.

सोफी मुलींच्या शिक्षणाची पहिली की सावित्रीबाई, असली स्पर्धा लावू नका. भारतात, महाराष्ट्रात, जातीने आणि रूढीने बंद केलेलं दार सावित्रीबाईंनी शेण-दगड झेलत उघडलं. त्याची तुलना दुसऱ्या कशाशी होत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की या बायका एकमेकींना ओळखत नसताना एकाच कामाला लागल्या होत्या.

आक्काचं उत्तर

आता आक्काकडे येतो. हे सगळं वाचून झाल्यावर एका संध्याकाळी मी तिला ही गोष्ट सांगितली. आग, पिंपं, भाऊ, माळ्यावरची खोली. ती काळा चष्मा लावून खुर्चीत बसून ऐकत होती.

आमची आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गणितात आख्ख्या गावात पहिली. सातवीची फायनल ती चांगल्या गुणांनी पास झाली. पुढचं हायस्कूल तालुक्याच्या गावी. तिला तिथे ठेवायचं तर खर्च, आणि घरात पैसा एकाच्या शिक्षणापुरता. वडील वाईट नव्हते. त्या काळचे होते. आक्काची शाळा बंद झाली. दोन वर्षांनी मी साताऱ्याच्या सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेला बसलो. अपूर्णांक, काळ-काम-वेग, सरळव्याज हे सगळं मला शिकवलं ते आक्काने. म्हशीचं दूध काढून झालं की चुलीपुढे बसून. उत्तर चुकलं की ओरडायची नाही, गप्प बसायची. मी पास झालो. पुढे खडकवासल्याला एनडीएत गेलो, अधिकारी झालो. तिचं सतराव्या वर्षी लग्न झालं.

गोष्ट ऐकून आक्का थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे तिच्या भावानं तिला शिकवलं. आपल्यात उलटं झालं की रं."

बस, एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता. हिशोब चुकला नाही ना, एवढंच तपासून बघावं तसं ती म्हणाली. मला मात्र उत्तर सुचलं नाही. आयुष्यभर मी माझी शाळा माझ्या कष्टाची समजत आलो होतो.

मित्रहो, आता तुमच्यासाठी. तुमच्या घरातही अशी एखादी आक्का, आत्या, मावशी, काकू असेल. तिचं पुस्तक कोणत्या इयत्तेत बंद झालं आणि कुणासाठी बंद झालं, हे एकदा तिच्याजवळ बसून विचारा. आणि आज तुमच्या घरात धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंची मुलगी कितवीत आहे, दहावीनंतर तिचं काय ठरलंय, तेही विचारा. फीचा प्रश्न असेल तर तो बहुतेक वेळा आपल्या एका जेवणाच्या बिलाएवढा असतो. संस्था काढायची गरज नाही. सोफीची गोष्टसुद्धा एका खोलीत, एका पुस्तकापासून सुरू झाली होती.

आक्का आता गावी परतली आहे. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर. जाताना माझ्या कपाटातलं दहावीच्या गणिताचं पुस्तक मागून घेऊन गेली. नातीला शिकवायचं म्हणाली. नातीला की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

पुढच्या भागात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू. तोपर्यंत रजा घेतो. जय हिंद.